वर्गमित्रांचा ‘सोशल क्रेडिट’ प्रकल्प तपासताना

आमच्या विभागात गटप्रकल्पाचे थोडे गुण वर्गातल्या मुलांच्या हातात असतात. चीनच्या सोशल क्रेडिटचा, म्हणजे लोक आणि कंपन्या किती विश्वासानं वागतात याच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेचा विषय कुठला तरी गट हमखास घेतो आणि त्याला गुण देताना भले भले गडबडतात, कारण प्रेझेंटेशन फार रंगतं. मी गोव्यातल्या डिचोलीची, राज्यशास्त्रात एम.ए. करते. हा विषय समोर आला की मी काय बघते, ते ज्युनिअर मुलांसाठी लिहिते आहे.

पहिली स्लाइड नीट वाचा. ‘चीन सरकार प्रत्येक नागरिकाला गुण देतं’ असं तिथं असेल, तर लगेच पेन्सिलीनं खूण करा. सगळ्या देशाला लागू असलेला असा एक आकडाच नाही. जून २०१४ मध्ये चीनच्या राज्य परिषदेनं, म्हणजे तिथल्या मंत्रिमंडळानं, या व्यवस्थेचा २०२० पर्यंतचा आराखडा काढला. सरकारी कारभार, व्यापार, समाज आणि न्यायदान ही त्यातली चार क्षेत्रं. त्यातून उभं राहिलं ते वेगवेगळ्या खात्यांच्या याद्यांचं आणि नोंदींचं जाळं, आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांविषयी आहे. कंपन्यांचं नावही न घेता प्रकल्प संपला, तर अर्धा विषय राहिला असं समजा.

पुढे प्रत्येक दाव्याला विचारा: ही नोंद ठेवतं कोण, कुठे आणि कुणाची? बहुतेक गट इथंच अडतात, कारण तीन निरनिराळ्या गोष्टी ते एकाच स्लाइडवर कोंबतात. ऐपत असून कोर्टाचा निकाल न पाळणाऱ्यांची यादी सर्वोच्च जन न्यायालय २०१३ पासून ठेवतं. त्यात नाव लागलं की विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही, पण तिथं गुणबिण काही नसतात. शांतोंग प्रांतातल्या रोंगचेंग शहरात मात्र खरोखर गुण आहेत: सुरुवातीला १०००, मग वागणुकीप्रमाणे कमीजास्त. पण तो एका शहराचा प्रयोग. तिसरं म्हणजे सेसमी क्रेडिट, माणसाची पत दाखवणारा ३५० ते ९५० चा आकडा. तो २०१५ मध्ये अलिबाबाशी जोडलेल्या अँट या खाजगी कंपनीनं आणला आणि त्यात भाग घेणं ऐच्छिक होतं. ज्या गटानं हे तीन धागे वेगळे ठेवले, त्याला मी पुराव्याचे गुण सढळ हातानं देते, स्लाइड कितीही साध्या असोत.

आकडा दिसला की त्याचं एकक बघा. २०१८ अखेरपर्यंत विमानाची तिकिटं सुमारे १ कोटी ७५ लाख वेळा नाकारली गेली, हा आकडा खरा. स्लाइडवर येईपर्यंत ‘वेळा’ची ‘माणसं’ झालेली असतात. एकच माणूस दहादा तिकीट काढायला गेला तर?

गैरसोयीचा पुरावा गटानं लपवला नाही ना, हेही तपासा. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या जेनिया कोस्टका यांनी चीनमध्ये २२०९ जणांचं ऑनलाइन सर्वेक्षण केलं, त्यात ८० टक्के लोकांनी या व्यवस्थांना पसंती दिली. ‘लोक घाबरून जगतात’ म्हणणाऱ्या गटानं हे सांगितलं पाहिजे. आणि सांगितलंच, तर सरकारवर उघड टीका करणं जिथं धोक्याचं आहे, तिथल्या अशा उत्तरांवर किती विसंबायचं, याचाही विचार केलेला हवा.

शेवटी ‘आपल्याकडेही सिबिल आहेच’ असं एक वाक्य बहुतेकदा येतं. सिबिलचा ३०० ते ९०० चा आकडा कर्ज आणि हप्ते यांवर ठरतो. कोर्टाच्या यादीशी त्याची तुलना नेमकी कुठं जुळते, कुठं तुटते, हे सांगता आलं तरच गुण.

आता माणसांचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सत्तरी-पेडण्याकडून आलेली, मराठीतून शिकलेली मुलं इंग्रजीत बोलताना अडखळतात आणि फाडफाड बोलणाऱ्याला गुण जातात. हे होऊ देऊ नका. जो गप्प बसला आहे त्याला स्लाइडवर नसलेला प्रश्न विचारा, आणि मराठीत किंवा कोंकणीत उत्तर दे म्हणून स्वतःहून सांगा. ‘यादीतून नाव काढायचं तर काय करावं लागतं?’ असा प्रश्न चांगला. वाचलेलं असेल तर कोर्टाचा निकाल पाळण्यापासून तो सुरुवात करील. नुसतं पाठ करणारा दुसऱ्याकडे बघेल. चवथीच्या सुट्टीत कोण घरी गेलं आणि कुणी रात्रभर काम केलं, याच्या ऐकीव गोष्टींवर गुण देऊ नका. गटाला गूगल डॉकची हिस्टरी उघडायला सांगा.

शेरा दुरुस्त करता येईल असा लिहा. ‘छान, पण अजून अभ्यास हवा’ याचा कुणालाच उपयोग नाही. ‘चौथ्या स्लाइडवर रोंगचेंगचा नियम पूर्ण देशाचा म्हणून दिला आहे, शहराचं नाव घाला’ हा शेरा त्यांना त्याच संध्याकाळी कामी येतो. आणि गुणांचा कागद मैत्रिणींशी बोलण्याआधीच भरून सरांकडे द्या.