पासवर्ड विसरलात? आधी नंबर चालू आहे का ते बघा

चतुर्थीला शेजारचा मुलगा जहाजावरून सुट्टीवर आला आणि दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन माझ्याकडे. फेसबुकचा पासवर्ड आठवत नव्हता, आणि कोड जात होता तो जुन्या सिमवर. तो बोटीवर असतानाच ते सिम बंद पडलं होतं. गोव्यात तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, आणि आखातात नोकरी करणारे गावोगावी आहेत, त्यामुळे ही अडचण मला वरचेवर दिसते. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग तुमच्या खात्याचा कोड परक्याच्या फोनवर!

पासवर्ड आठवत असेल तर बदलणं दोन मिनिटांचं काम. फेसबुकच्या मेनूतून सेटिंग्जमध्ये जा, अकाउंट्स सेंटर उघडा, तिथे 'पासवर्ड अँड सिक्युरिटी' आणि मग 'चेंज पासवर्ड'. इन्स्टाग्रामचा रस्ताही हाच. आधी जुना पासवर्ड, मग नवा दोनदा. इतर फोनवरून बाहेर पडण्याचा पर्याय दिसला की तो जरूर निवडा, नाहीतर दुकानातल्या किंवा मित्राच्या फोनवर खातं उघडंच राहतं. नवा पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, पण मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. ईमेलचा पासवर्ड तर पूर्ण वेगळाच ठेवा, कारण ईमेल हाती लागला की बाकीची खाती उघडायला वेळ लागत नाही.

विसरला असाल तर लॉगिनच्या पानावर 'फरगॉटन पासवर्ड' दाबा, नंबर किंवा ईमेल टाका, आपलं खातं निवडा आणि आलेला कोड भरा. हे नेहमीच्या फोनवरूनच करा. ओळखीचं उपकरण असलं की काम सोपं जातं. कोड आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा मागू नका. जरा थांबा, स्पॅम फोल्डर बघा, आणि दोन-तीन कोड आलेच तर शेवटचा वापरा.

खातं दुसऱ्याने बळकावलंय असं वाटलं तर ब्राउझरमध्ये फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड, किंवा इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हा पत्ता इंग्रजीत टाईप करून तिथल्या पायऱ्या पाळा. 'पैसे द्या, खातं परत आणून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी मुळीच लागू नका. मित्राच्या नावाने 'तुला आलेला कोड पाठव' असा मेसेज आला तर त्याला फोन करून विचारा. बहुतेक वेळा त्याचंच खातं गेलेलं असतं. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करा. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते.

बाहेर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तीन गोष्टी करायलाच हव्यात. खात्याला ईमेल जोडा, आणि तो उघडतोय याची खात्री करून घ्या. 'टू-फॅक्टर', म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करताना एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप निवडा. त्यातला कोड फोनमध्येच तयार होतो, भर समुद्रात रेंज नसली तरी अडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे तिथेच मिळणारे रिकव्हरी कोड, म्हणजे नेहमीचा कोड मिळत नसेल तेव्हा वापरायचे राखीव कोड. ते कागदावर उतरवून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो, म्हणून वापरलेल्यावर काट मारा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, जुनं सिम एखाद्या फोनमध्ये घालून महिन्यातून एकदा त्यावरून कॉल करायचा, रिचार्ज संपू द्यायचा नाही.

शेजारच्या मुलाचं खातं मिळालं ते एका विसरलेल्या ईमेलमुळे, आणि तो ईमेल उघडायलाच आमचे दोन दिवस गेले.