ड्रेन बोल्ट उघडायच्या आधी: बुलेटला ऑइल टेंपरेचर गेज बसवायची तयारी

आधी एक गोष्ट ठरवून टाका, गेज नेमकं कशाचं तापमान दाखवणार आहे, कारण बाजारात "इंजिन टेंपरेचर मीटर" म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यातल्या बऱ्याचशांचा सेन्सर स्पार्क प्लगच्या खाली वॉशरसारखा बसतो आणि तो हेडचं (इंजिनच्या वरच्या भागाचं) तापमान सांगतो, ऑइलचं नाही. हेड पटकन तापतं, पटकन उतरतं. ऑइल निवांत गडी आहे, तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. दोन्ही आकडे उपयोगाचेच, पण एकाचा आकडा दुसऱ्याला लावून बसलात तर उगाच घाबराल.

ऑइलचंच हवं असेल तर सेन्सर ऑइलमध्ये बुडलेला पाहिजे आणि त्याला जागा तीनच. डिपस्टिक किंवा फिलर कॅपच्या जागी बसणारं काट्याचं थर्मामीटर, हे सगळ्यात सोपं, वायरिंग शून्य, पण वाचायला गाडी थांबवून खाली वाकावं लागतं आणि दांडा ऑइलपर्यंत पोचतो की नुसती आतली गरम हवा मोजतो ते बघून घ्यायचं. ऑइल कूलर असलेली गाडी असेल (पल्सर २२०, हिमालयन ४११) तर कूलरच्या पाइपमध्ये टी-अ‍ॅडाप्टर टाकता येतो, पण कुठल्या पाइपात ते महत्त्वाचं, कूलरच्या आधी जास्त दाखवणार, नंतर कमी. आणि तिसरी ड्रेन बोल्टची (इंजिनच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा बोल्ट) जागा, साध्या एअर कूल्ड बुलेटला बहुतेक जण हीच वापरतात, मीही हीच सांगेन, फक्त गाडीखाली सेन्सर किती लोंबणार ते मोजा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर माहितीयेत ना, दोघं बसून सामान बांधलेलं असताना फ्रेमच्या खालच्या नळीपेक्षा सेन्सर खाली येत असेल तर ती जागा सोडा किंवा आखूड सेन्सर शोधा.

आता आटे. इथेच लोकांचे केस पांढरे होतात. सेन्सर साधारण तीन प्रकारच्या आट्यांत येतात, एम१० बाय १ (म्हणजे १० मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर), १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) आणि जपानी-तैवानी गेजसोबत येणारा १/८ पीटी, आणि हातात घेतले तर तिन्ही सारखेच दिसतात. एनपीटीला इंचाला २७ आटे, पीटीला २८, एम१० बाय १ ला साधारण २५. म्हणजे चुकीचा सेन्सरही दीड-दोन फेरे गुमान आत जातो, मग जड लागायला लागतो, आपण म्हणतो जरा पाना लावूया, आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले. क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या आवरणात) हेलीकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, टाकत बसायची वेळ येते. म्हणून पिच गेज (आट्यांतलं अंतर मोजायच्या पट्ट्या) घ्या, दीडदोनशेत मिळतं, किंवा बोल्ट खिशात टाकून सरळ लेथवाल्याकडे जा. सेन्सर हातानेच तीन-चार फेरे फिरला पाहिजे, नाही फिरला तर तो तुमचा नाही.

लेथवाल्याकडे जाताना गाडीवरचा बोल्ट काढून नेऊ नका, काउंटरवरून नवा ड्रेन बोल्ट आणा आणि त्याच्यावर प्रयोग करा. एम१४ च्या बोल्टला मधून भोक पाडून एम१० चे आटे पाडले तर भिंत जेमतेम एक मिलिमीटर उरते, त्यामुळे तसं करायचं नाही. एकतर ड्रेन बोल्टच्याच आट्यांचा सेन्सर शोधायचा, एम१२ बाय १.५ आणि एम१४ बाय १.५ मध्ये मिळतात, किंवा ज्याचं डोकं जाड आहे आणि सेन्सर डोक्यात बसतो असा अ‍ॅडाप्टर घ्यायचा.

सेन्सर आणि गेज एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे घ्या. आत थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, पण किती कमी होतो ते प्रत्येकाचं वेगळं. एकाचं गेज दुसऱ्याचा सेन्सर केलं तर काटा हलेल, खरं मात्र बोलणार नाही. म्हणून गाडीला लावायच्या आधी ओट्यावरच टेस्ट करा (घरच्यांची परवानगी घेऊन, आणि पातेलं जुनं). बॅटरी, गेज, सेन्सर जोडा, सेन्सरच्या अंगाला बॅटरीच्या मायनसची वायर लावा आणि फक्त टोक उकळत्या पाण्यात बुडवा, टर्मिनल कोरडं ठेवा. मुंबईत १०० दाखवायला हवं, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६, उंचीवर पाणी लवकर उकळतं म्हणून. दोनचार डिग्री इकडेतिकडे चालतं, पंधरा नाही.

वायरिंगला ०.५ स्क्वेअर एमएमची वायर, हीट श्रिंक, बुलेट कनेक्टर, नायलॉन टाय, १ किंवा २ अँपियरचा फ्यूज होल्डरसकट, आणि मल्टीमीटर. प्लस चावी ऑन केल्यावरच येणारा घ्यायचा, ब्रेक लाइटच्या स्विचला येणारा बरा पडतो. जुन्या गाडीत हेडलाइटच्या वायरवर डोळे झाकून टॅप मारू नका, कित्येक गाड्यांत हेडलाइट मॅग्नेटोच्या एसी सप्लायवर असतो, गेज नाचतं किंवा जळतं. बीएस६ गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एबीएसच्या वायरींना हात लावायचा नाही, आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधीच विचारून ठेवा, नंतर वाद नको. एका वायरचा सेन्सर इंजिनमधूनच अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची जोडणी) घेतो, त्यामुळे आट्यांवर टेफलॉन टेपचे वेढेच्या वेढे गुंडाळले की अर्थिंग जातं आणि लोक गेजला शिव्या देतात. वायर सोडवली तर काटा तळाला आणि इंजिनला टेकवली तर शेवटाला, एवढं झालं तर गेज आणि वायरिंग ठीक, घोळ सेन्सरपाशी. वायर बेंड पाइपपासून (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणारा तापलेला पाइप) लांबून न्या, आणि हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून ओढली जात नाही ना बघा. बुलेटची थरथर आणि कोकणातला पाऊस दोन्ही झेलायचंय, तेव्हा गेजच्या क्लँपखाली रबर आणि कनेक्टरमध्ये ग्रीस.

दिवस ऑइल बदलायच्या तारखेचाच निवडा, ऑइल फुकट जाणार नाही. समोर मांडून ठेवायचं: मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल (यूसीई, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या बुलेटला १५डब्ल्यू-५०), फिल्टर, नवा तांब्याचा वॉशर, टॉर्क पाना, घमेलं, नरसाळं, चिंध्या. दुपारी ऑइल रिकामं केल्यावर वॉशर नाही म्हणून कळलं आणि रविवारी दुकान बंद, असं व्हायला नको. जुनं ऑइल गटारात नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजला. नवं भरल्यावर लेव्हल परत बघा.

आकड्यांचं म्हणाल तर एअर कूल्डला चालताना ९० ते १२० नॉर्मल. उन्हाळ्यात घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये १३० च्या वर टिकून राहिला तर थांबा, चहा घ्या. पण रोज दोन किलोमीटर ऑफिसला जाऊन काटा ७० च्या वर चढतच नसेल तर तेही चांगलं नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि फिलर कॅपखाली पांढरट साय जमते. सुरुवातीचे काही दिवस आकड्यासोबत बाहेरचं तापमानही लिहून ठेवा, तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा त्यातूनच कळतो.

पहिल्या रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी थेंब दिसला तर वॉशर बघा. आणि मूळ ड्रेन बोल्ट एका जादा वॉशरसकट टूलकिटमध्येच राहू द्या, ताम्हिणीत दगड लागून सेन्सर तुटला तर तोच लावून, वाटेत मिळेल ते ऑइल ओतून घरी यायचंय.