इन्सुलिनची व्हायल उघडण्याआधी

महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं आली की त्यांना लगेच इन्सुलिन रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवरच्या इन्सुलिन ओळखणाऱ्या प्रथिनाचा, ब्लॉट लावायचा असतो; ही प्रथिन अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी. मी आधी व्हायल उघडायला शिकवते. बँड, म्हणजे ती पट्टी, उमटला नाही की सगळे अँटिबॉडीला नावं ठेवतात. माझ्या मते बहुतेकदा इन्सुलिनच पेशींपर्यंत धड पोहोचलेलं नसतं.

उणे वीसच्या फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका. नवी मुंबईच्या जुलैत थंड काचेवर बघता बघता पाणी सुटतं. झाकण उघडं असेल तर तीच ओल पावडर ओढून घेते. सिलिका जेलच्या बंद डब्यात निदान अर्धा तास राहू द्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये छोटा स्पिन द्या, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते.

विरघळवायला साधा बफर चालत नाही, 7 पीएचला स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, गढूळ राहतो. 1 मिलिग्रॅमला 0.01 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड 1 मिलिलिटर घाला आणि व्हायल बोटांत हलके फिरवा. व्हॉर्टेक्स करू नका. जोरात घुसळलं की इन्सुलिनचे तंतू बनू लागतात. उजेडाकडे धरून बघा, पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे. रेणूभार 5808, म्हणजे हा स्टॉक साधारण 172 मायक्रोमोलर. 10 मिलिलिटर मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) 100 नॅनोमोलर हवं तर 5.8 मायक्रोलिटर पुरतं. उरलेलं थोडं थोडं वाटून गोठवा, वितळलेलं परत गोठवू नका.

पेशी उंदराच्या 3टी3-एल1 जातीच्या, चरबीपेशी झालेल्या. त्यांना तीन-चार तास सिरमशिवाय (मीडियममध्ये घालतात त्या रक्तद्रवाशिवाय) ठेवा, नाहीतर सिरममधले वाढीचे घटक रिसेप्टरला आधीच जागं करतात. इन्सुलिन बाहेरच्या अल्फा भागाला बसलं की आतले दोन बीटा भाग एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. तिथून निरोप आयआरएस, पीआय3के, एकेटी या प्रथिनांतून पुढे जातो आणि ग्लुट4 हा ग्लुकोजचा वाहक पेशीच्या पडद्यावर येऊन ग्लुकोज आत घेतो. जेवणानंतर आपल्या रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत उतरते ती याच वाटेने, आणि मला या कामाचं अजूनही अप्रूप वाटतं.

पाच ते दहा मिनिटांत प्लेट बर्फावर, थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा. लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडणाऱ्या द्रावणात, सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट विसरलात तर पेशीतली एन्झाइम्स फॉस्फेट उतरवून टाकतात. ब्लॉटवर बीटाचा बँड 95 किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) शोधा. तुलनेसाठी शेजारच्या प्लेटला इन्सुलिनशिवाय तेवढंच ॲसिड द्या.

घरच्या मधुमेही माणसासाठी ही व्हायल कुणी मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. ती निर्जंतुक आहे की नाही, हे कुणी तपासलेलं नसतं.