गव्हाच्या भुशापासून इंदूर पद्धतीचं खत कसं करावं

चैत्र-वैशाखात इंदूरबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, गहू निघालेल्या शेतात नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटं, उभी असते आणि कुठे ना कुठे ती जळतानाही दिसते. वाईट वाटतं, कारण काडाकचऱ्याचं खत करायची जगभर पोचलेली एक पद्धत आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी ती बसवली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने छापली. हॉवर्डांचं नाव सगळे घेतात. वाडांचंही घ्यायला हवं. इंदुरातल्या रामबाग किंवा नारायणबागेतल्या परसातही ही पद्धत सहज जमते.

आधी भुसा पारखून घ्या. पिवळाधमक, कोरडा, बुरशीचा वास नसलेला हवा. यंत्राचा बारीक भुसा एकटाच रचला तर दबून बसतो आणि आत हवा जात नाही. म्हणून त्यात सोयाबीनचं कुटार, वाळका पाला, ठेचलेल्या तुराट्या मिसळा.

नुसता भुसा कुजायला फार वेळ घेतो. त्यात नत्राच्या (नायट्रोजनच्या) ऐंशी पटीच्या आसपास, कधी त्याहून जास्त कर्ब (कार्बन) असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना हे प्रमाण तीसपट लागतं. कमी पडलेलं नत्र शेण आणि गोमूत्र पुरवतात. कच्चा भुसा थेट कुंडीच्या मातीत कालवला तर जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळं पडतं. मातीवर नुसता पसरलात तर मात्र चालतं, उलट ओल टिकते.

भुसा रात्रभर भिजवा. सावलीत, जमिनीवर वीतभर थर द्या, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडा, गोमूत्र मुरलेली माती आणि चिमूट-चिमूट राख भुरभुरा. जुनं खत असेल तर पसाभर टाका, ते विरजणाचं काम करतं. असे थर चढवत ढीग लांबी, रुंदी, उंचीला निदान तीन-तीन फूट करा. त्याहून लहान ढीग तापत नाही. पहारीने वरून खालपर्यंत दोन-तीन भोकं पाडा. पावसाळ्यात खड्डा नकोच: आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि सगळं सडतं.

दोन-चार दिवसांत हात घातला तर चटका बसावा. नीट रचलेला ढीग साठ अंशांपर्यंत जातो. तापला नाही तर शेण किंवा पाणी कमी पडलंय. नाकाला झोंबणारा वास आला तर शेण जास्त झालंय, कोरडा भुसा मिसळा. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. मेच्या उन्हात हे रोज बघावं लागतं. वर गोणपाट टाका.

पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलटा: बाहेरचं आत, आतलं बाहेर. उलटताना कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. हे कष्टाचं काम आहे, पण टाळलं तर भुसा महिनोन्महिने तसाच राहतो.

तीन महिन्यांत खत काळंभोर, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. एप्रिलच्या सुरुवातीला रचलेला ढीग जुलैत हाती येतो. चाळून एक भाग खत, दोन भाग माती असं कुंड्यांत भरा. चाळणीवर उरलेल्या काड्या पुढच्या ढिगात घाला.