'इट टेक्स टू': कुठलं प्रकरण कधी खेळायचं?
हा गेम एकट्यानं खेळताच येत नाही, म्हणून दोघांचा वेळ आधी जुळवा. मुख्य प्रकरणं 7, एकूण साधारण 12 ते 14 तास. शेड, झाड, घड्याळ, बर्फ, बाग ही एकेका संध्याकाळची. गेममधल्या मुलीच्या खोलीचं प्रकरण मात्र सर्वांत लांब. ते रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर निवांत घ्या, किंवा सरळ दोन बैठका धरा. शेवटचं पोटमाळ्याचं छोटंच आहे.

एक जण राजारामपुरीत, दुसरा कसबा बावड्यात असला तरी प्रत एकच पुरते. दुसऱ्यानं मोफत 'फ्रेंड्स पास' उतरवायचा. पण प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स एकमेकांना जोडत नाहीत, घोळ इथंच होतो. पीसीवर शेजारी बसून खेळायला किमान एक कंट्रोलर लागतोच. सेव्ह आपोआप होतं, तेही चेकपॉइंटलाच, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांवरच. मधेच लाईट गेली तर तेवढा तुकडा पुन्हा खेळावा लागतो.