फ्लशची टाकी वाहून राहिली? पाना उचलायच्या आधी हे वाचा

मी प्लंबर नाही, हे आधीच सांगतो. पण नात्यागोत्यात कोणाच्याही घरी कमोडमध्ये पाणी सुरू राहिलं की फोन मलाच येते, कारण कधीकाळी मी घरची टाकी स्वतः दुरुस्त केली आणि नंतर एका लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. तेव्हापासून हे भोगून राहिलो. आणि दरवेळी फोनवर वाक्य एकच, "अरे, सगळं बदललं, तरी वाहूनच राहिलं!"

काहून बदललं बाप्पा सगळं? आधी पाणी जाते कुठून ते तर पाहा. टाकीतून कमोडमध्ये जायला पाण्याला वाटा दोनच. एक तर वरच्या ओव्हरफ्लो पाइपातून, म्हणजे फ्लोट वॉल्व्ह, ज्याला आपण बॉलकॉक म्हणतो, तो वेळेवर बंद होत नाही. नाहीतर खालून, म्हणजे तळातलं रबरी वॉशर नीट बसत नाही. हे ओळखायला पैसे लागत नाहीत, पेन्सिल लागते. टाकी भरू द्या, टाकीला पाणी देणारा भिंतीतला अँगल कॉक बंद करा, आतून पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि अर्धा तास चहा प्या, तेवढ्यात फ्लश कोणी करायचा नाही. पाणी खुणेच्या खाली गेलं तर दोष खालचा. तिथंच राहिलं तर कॉक उघडा आणि पाहत बसा, पाणी चढत चढत ओव्हरफ्लोच्या तोंडात पडायला लागलं की दोष बॉलकॉकचा. बस, इतकंच. पण हा अर्धा तास कोणालाच काढायचा नसते, पोट्टे तर व्हिडिओ दुप्पट स्पीडवर पाहतात आणि थेट दुकानात पोचतात.

आमचे जिजाजी पोट्टे नाहीत, पण घाई तीच. नागपुरात मनीषनगरला फ्लॅट, वरून दोन बटणांची टाकी. पाणी पाझरायला लागलं तर त्यांनी आतला पूर्ण सेटच नवीन आणून बसवला. धार आधीपेक्षा मोठी झाली. मग प्लंबर आला, त्यानं नव्या सेटचं नवं वॉशर काढून आणखी नवं टाकलं, सहाशे रुपये घेतले, पाणी सुरूच. शेवटी ताईचा फोन, "तू येऊन जा रे, रात्रभर आवाजानं झोप नाही." मे महिना, दुपारचे दोन, महाल भागातून मनीषनगरपर्यंत स्कूटरवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून पोचलो, डोक्याचं पार भरीत झालं होतं. जिजाजी म्हणे वॉशर डुप्लिकेट निघालं असेल, इतवारी बाजारातून ओरिजनल आणू. मी काही न बोलता टाकीचं झाकण उचललं. आवाज बंद. झाकण ठेवलं, आवाज सुरू. परत उचललं, बंद. तीनदा करून दाखवलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. बटणाखाली ज्या दोन काड्या असतात त्या नव्या सेटमध्ये लांब होत्या, झाकण बसलं की बटण दाबल्यासारखं होऊन खालचा वॉल्व्ह जराशी वर उचललेलाच राहत होता. काड्या फिरवून दोन-तीन आटे आत घेतल्या, बटण आणि काडीत मिलिमीटरभर मोकळं ठेवलं, काम खतम. पाच मिनिटं. जुना सेट पाहिला तर तो धडधाकट होता, वॉशरच्या कडेला बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढले होते तेवढेच. व्हिनेगरच्या फडक्यानं पुसलं असतं तरी भागलं असतं. वॉशर जिथं टेकते ती गोल कडाही पुसायची बरं का, ती सगळे विसरतात. आणि तिथं पॉलिश पेपर घासू नका, ओरखडा पडला की ती कडा गेली.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती अ‍ॅसिडची. कमोड साफ करायचं ते साफ करा, टाकीत काहून ओतता? आमच्या एका काकूंना टाकीत निळी गोळी टाकायची सवय, वरून महिन्यातून एकदा अ‍ॅसिड. वॉशर बाहेर काढलं तर बोटाला काजळासारखं काळं लागलं आणि रबर चपातीसारखं वाकडं. क्लोरीनवाली गोळी रबर खाते, हळूहळू पण खाते. आणि अ‍ॅसिड व ब्लीच एकत्र आलं तर विषारी वायू होते, बंद बाथरूममध्ये हा खेळ अजिबात करू नका.

ओव्हरफ्लो पाइपाचं तोंड एम-सीलनं बुजवणारेही पाहिले आहेत. मग बॉलकॉक बिघडला की पाणी बाथरूमभर. तो पाइप त्यासाठीच असते, राजेहो! पाणी त्याच्या तोंडापासून इंचभर खाली थांबलं पाहिजे, बॉलकॉकला प्लास्टिकचा स्क्रू असेल तर तो फिरवा, जुनी पितळी दांडी असेल तर हलक्या हातानं थोडी खाली वाकवा.

पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवू नका, तिचा चुरा वॉशरखाली जाऊन बसते. भरलेली बाटली ठेवा, तीही काही हलणाऱ्या भागाला लागणार नाही अशी.

प्लास्टिकचा नट पान्यानं आवळू नका. हातानं घट्ट, वर पाव फेरा, बस. आत वॉशर असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरजच नाही.

नळाचं काम निघून पाणी एक-दोन दिवस बंद होतं, आणि नंतर टाकी वाहायला लागली तर आधी बॉलकॉक उघडून आतून धुवा, त्याच्या तोंडाची बारीक जाळीही. पहिल्या गढूळ पाण्यातली रेती तिथंच अडकते. अशात वॉशर बदलणं म्हणजे डोकं दुखते तर पायाला बाम.

"थोडंसंच तर जाते" म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. दोन मिनिटांत एक लिटर, इतकी बारीक धार धरली तरी दिवसाला 720 लिटर. गच्चीवरची टाकी दुपारीच रिकामी काहून होते, कळलं ना.

सामान आणायला जाल तर जुना तुकडाच पिशवीत घाला. फोटोवरून माप कळत नाही, कितीही झूम केला तरी. दुकानात "वायसर" म्हणा, लवकर मिळते. आणि निघायच्या आधी अँगल कॉक पूर्ण बंद होते का ते तपासा, वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐनवेळी जाम निघते आणि मग गच्चीवर कोणता वॉल्व्ह आपला हे शोधत उन्हात फिरावं लागते. जिजाजींच्या वॉल्व्हवर आता मी ऑइलपेंटनं नंबर टाकून आलो आहे.