सँडविचच्या काउंटरवर गप्प राहू नका : नागपूरला सबवेत जाणाऱ्यांनी या चुका टाळा

नागपूरला आपण उगाच जात नाही. मेडिकलमध्ये पेशंट दाखवायचा असतो, पोरीची अॅडमिशन असते, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. सगळं आटपता आटपता दुपारचे दोन वाजतात आणि मग लेकरं मागे लागतात की ते काचेच्या दुकानातलं लांब सँडविच खायचं, मोबाइलवर पाहिलेलं असते ना त्यांनी. आत गेलं की मात्र घरातली मोठी माणसं गप्प. काउंटरवरचा पोरगा भराभर विचारत जातो, आपण सगळ्याला हो हो म्हणत जातो, आणि एवढे पैसे मोजून हातात जे येते ते कोणालाच आवडत नाही. "काही दम नाही त्याच्यात" म्हणून अर्धं टाकून देतात. मला याचं खरंच वाईट वाटते, कारण पैसा घामाचा असतो आणि बहुतेक वेळा दोष सँडविचचा नसतोच, आपण बोललो नाही म्हणून ते तसं बनते.

ही पद्धत समजून घ्या. सबवे ही अमेरिकेतली सँडविचच्या दुकानांची जुनी कंपनी, 1965 साली कनेक्टिकट राज्यात फ्रेड डिल्युका नावाच्या 17 वर्षांच्या पोराने पीटर बक या घरच्या ओळखीच्या माणसाकडून हजार डॉलर घेऊन पहिलं दुकान टाकलं, कॉलेजच्या खर्चासाठी. भारतात ती 2001 मध्ये दिल्लीत आली. आता त्यांचं सगळं काम गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून चालते. तर्री पोह्याच्या गाड्यावर किती तर्री, किती चिवडा हे गाडीवाल्याला माहीत असते, आपण फक्त प्लेट घ्यायची. इथे तसं नाही, इथे प्रत्येक गोष्ट तुम्ही सांगायची, तो फक्त हात चालवतो.

पहिली चूक, टेबलावर जाऊन बसणे

वेटर येत नाही. रांगेत उभं राहायचं आणि काचेच्या बाजूने पुढे पुढे सरकत जायचं. आधी साइज आणि ब्रेड, मग आतलं मुख्य सामान म्हणजे आलू पॅटी, पनीर टिक्का, चिकन वगैरे, मग चीज, मग गरम करायचं का, मग भाज्या, मग सॉस, आणि शेवटी पैसे. हा क्रम एवढा डोक्यात ठेवला तरी अर्धी भीती जाते. नाव आठवत नसलं तर काचेवर बोट ठेवून "हे टाका, हे नको" म्हणा. मराठीत बोला, नागपूरची पोरं आहेत, त्यांना समजते. मागे रांग आहे म्हणून घाईघाईत हो म्हणू नका, ते तुमचे दोन मिनिटं आहेत.

सहा इंची आणि फूटलाँग असे दोन साइज असतात, फूटलाँग म्हणजे बारा इंच, म्हणजे दोन सहा इंची. दोघं जण असाल आणि दोघांना एकच प्रकार चालत असेल तर बोर्डावरचे दोन्ही रेट बघून घ्या, बहुतेक वेळा फूटलाँग घेऊन मधून कापलेलं स्वस्त पडते. (2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका पोराने फूटलाँगवर टेप ठेवून फोटो टाकला होता, अकरा इंच भरलं म्हणून, त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या. गिऱ्हाइकाने मोजून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.)

म्हातारी माणसं सोबत असतील तर "याचे चार तुकडे करून द्या" असं कापायच्या आधीच सांगा. अख्खं सँडविच दातात धरून ओढायला गेलं की सगळं सामान मागून बाहेर पडते, कांदा इकडे, टमाटर तिकडे, सॉस लुगड्यावर, आणि मग ती माऊली चार लोकात ओशाळी होते. कागद पूर्ण सोलायचा नाही, वरचा भाग उघडायचा आणि खालचं टोक कागदातच ठेवून खायचं, जसं संपते तसा कागद खाली करायचा.

स्वस्तातलं घेतलं आणि "आत काहीच नाही"

बोर्डावर व्हेजी डिलाइट दिसते, रेट कमी असतो, माणूस तेच मागतो. त्यात पॅटी नसते, फक्त कच्च्या भाज्या आणि सॉस असते. सकाळी सहाच्या एसटीने निघालेल्या माणसाची भूक त्याच्याने भागत नाही. पोटभर पाहिजे असेल तर आलू पॅटी किंवा पनीरवालं घ्या. आणि "टोस्ट करू?" विचारलं तर आपल्या लोकांनी हो म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला गरम खायची सवय आहे, थंडा ब्रेड घशाखाली उतरत नाही. पण हे भाज्या टाकायच्या आधीच सांगायचं, नंतर गरम केलं की लेट्यूसची हिरवी पानं आणि काकडी गळून जाते आणि ब्रेड ओला होते.

सगळे सॉस टाकून घेणे

सगळ्यात जास्त सँडविच इथे बिघडतात. सॉसचे वेगळे पैसे लागत नाहीत हे समजलं की माणूस म्हणतो टाका सगळेच. मिंट मेयो म्हणजे पुदिन्याची मेयोनीज, तिच्यावर स्वीट ओनियन, त्यावर बार्बेक्यू, त्यावर मस्टर्ड, आणि मग तोंडात गोड, आंबट, कडवट सगळं एकदम येते, कशाचीच चव लागत नाही, ब्रेडचा लगदा होतो तो वेगळा. दोन पुरे. एक मऊ, एक तिखट. आपल्या सावजी खाणाऱ्या जिभेला मिंट मेयो आणि रेड चिली हे जमते, आणि भाज्यांमध्ये हलपिनो टाकायला सांगा, त्या सिरक्यातल्या मिरच्या असतात, आंबट-तिखट. स्वीट ओनियन आणि हनी मस्टर्ड हे गोडसर आहेत, तिखटाच्या आशेने घेऊ नका. काळे ऑलिव्ह पहिल्यांदा खाणाऱ्याला खारट, तुरट लागतात, लेकरं ते थुंकून टाकतात, म्हणून पहिल्या वेळी दोन-चारच टाकायला सांगा. तरी फिकं वाटलंच तर मीठ-मिरपूड वरून टाकून मागा, ती असते त्यांच्याकडे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

माळ, गुरुवार, उपास

हे मनावर घेऊन वाचा, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. भारतात सबवेत व्हेज आणि नॉनव्हेजचे काउंटर वेगळे ठेवतात. तरी गर्दीच्या वेळी तोच पोरगा दोन्हीकडे हात लावताना दिसला तर सरळ म्हणा, "दादा, हातमोजे बदला आणि सुरी वेगळी घ्या." रागावत नाहीत, आणि रागावले तरी माळकरी माणसाचा तो हक्क आहे. गुरुवारी गजानन महाराजांचा वार पाळणाऱ्यांनी मेयो अंड्याची आहे का बिनाअंड्याची हेही विचारावं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बिनाअंड्याची वापरतात पण गृहीत धरू नये. (अंड्याचा मुद्दा नुसता धर्माचा नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे लोक आजारी पडले म्हणून शेजारच्या तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्यावर वर्षभराची बंदी घातली होती.) कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी नुसतं "कांदा नको" म्हणून भागत नाही, सॉसमध्ये आणि पॅटीमध्येही तो असतो, त्यामुळे सुरुवातीलाच "जैन पाहिजे" असं सांगा म्हणजे तो त्या हिशोबाने सुचवतो. उपासाचं तिथे काही मिळत नाही, ब्रेड गव्हाचाच आहे, तेव्हा एकादशीला शेंगदाण्याचे लाडू घरूनच न्या.

बिल

"कॉम्बो करू का?" "एक्स्ट्रा चीज?" हे प्रश्न गोड आवाजात येतात आणि दोन्हीचे पैसे लागतात. प्रत्येक वेळी एकच वाक्य विचारायचं, "याचे वेगळे लागतात का?" बिलावर जीएसटी साध्या रेस्टॉरंटसारखाच 5 टक्के असतो. सर्व्हिस चार्ज कुठल्याही हॉटेलला आपल्या मनाने जोडता येत नाही, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं सांगितलं आहे, दिसला तर काढायला लावा. मॉलमध्ये तळमजल्याला नेटवर्क मरते आणि फोनपे अडकते, खात्यातून पैसे कटतात पण दुकानात मेसेज येत नाही. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा स्कॅन करू नका. दोन मिनिटं थांबा, तरी नाही आलं तर नगदी द्या आणि ट्रान्झॅक्शन नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे अडकलेले पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर बँकेला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते.

पेशंटसाठी "हेल्दी" म्हणून नेणे

भाज्या दिसतात म्हणून पौष्टिक असं समजून पुष्कळ नातेवाईक वॉर्डात पेशंटला सँडविच नेऊन देतात. बीपी, शुगर, किडनीवाल्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. सॉस, चीज, पॅटी यात मीठ बरंच असते. ब्रेडचं सांगायचं तर आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तिथल्या सबवेच्या ब्रेडला करासाठी साधा ब्रेड मानायलाच नकार दिला, कारण त्यात साखर पिठाच्या वजनाच्या 10 टक्के होती आणि तिथल्या कायद्यात मर्यादा 2 टक्के. तो तिकडचा ब्रेड झाला, पण "ब्रेडच तर आहे" म्हणून शुगरच्या पेशंटला देण्याआधी थोडं थांबायला हरकत नाही. दहा किंवा जास्त दुकानं असलेल्या कंपन्यांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, 2022 पासून तो नियम आहे, आकडा बारीक असतो पण असतो, वाचा. आपल्या वरण-भात-पोळीला पेशंटसाठी तोड नाही हे मी मनापासून सांगतो.

गावाकडे पार्सल नेणे, ही सगळ्यात धोक्याची चूक

घरी राहिलेल्या लेकरासाठी काहीतरी न्यावं असं कोणाला नाही वाटत. म्हणून दोन वाजता सँडविच बांधून घेतात, पिशवीत टाकतात, बस लागते तीनला, आणि घरी पोचेपर्यंत सात वाजतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, एसटीच्या खिडकीतून झळा येतात, आणि ते सँडविच तेवढा वेळ मांडीवर शिजत राहते. शिजवलेलं चिकन, पनीर, पॅटी, चिरलेल्या भाज्या हे साध्या हवेत दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि 32 अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. म्हणजे उन्हाळ्यात ते जवळच्या उमरेडपर्यंतही जेमतेम पोचते. वास आला नाही म्हणजे चांगलं आहे असंही नाही. आणि "तव्यावर गरम करून देतो" हा उपाय तर अजिबात करू नका, काही जंतूंचं विष एकदा तयार झालं की गरम केल्याने जात नाही.

न्यायचंच असेल तर त्यांच्याकडची कुकी न्या किंवा चिप्सचं पाकीट, ते उन्हात टिकते. नाहीतर नागपूरची संत्रा बर्फी, पण तीही खव्याची असेल तर त्याच दिवशी संपवा. उरलेलं अर्धं सँडविच टाकायला जीव होत नाही, समजते मला, म्हणून तर सुरुवातीलाच लहान साइज घ्या आणि लागलं तर परत घ्या.

आणि कोणी खाल्लंच, रात्री उलट्या सुरू झाल्या, तर ओआरएसचं पाणी चमचा चमचा देत राहा, एकदम ग्लासभर पाजलं की परत उलटी होते. लहान लेकरू असेल, ताप असेल, संडासातून रक्त जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. बिल फेकू नका, त्यावर दुकानाचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर असतो, आणि दुकानाने शिळं दिलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत तक्रार नोंदवता येते.